चाखता येत नाही, ते पारखावे कसे?

सुरत हे पारख्यांचे शहर आहे. महिधरपुरा आणि वराछा येथील हिरेबाजारांत सकाळपासून दलालांची गर्दी उसळते. कोणी रस्त्यात उभ्या केलेल्या दुचाकीच्या आसनावर कागदाची पुडी उलगडतो, कोणी चिमट्यात धरलेला खडा उजेडाकडे नेऊन भिंगातून निरखतो आणि पाहता पाहता लाखोंचा सौदा नजरेच्या भरवशावर पार पडतो. वजन, रंग, निर्मळता आणि पैलू या चार कसोट्यांवर हिऱ्याचे मोल ठरते. जगात पैलू पडणाऱ्या हिऱ्यांपैकी बहुसंख्य हिरे या एका शहराच्या हातांखालून जातात, आणि त्यामागे कारागिरांच्या हाताइतकीच त्यांची नजर आहे. याच शहरात एका वस्तूची पारख मात्र उघडपणे करता येत नाही. ती वस्तू म्हणजे मद्य.

१९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १ मे १९६० रोजी गुजरात वेगळे झाल्यानंतरही तेथे कायम राहिला. महाराष्ट्राने तो परवान्यांच्या वाटेने सैल केला. गुजरातने त्याला राज्याच्या ओळखीचाच भाग मानले. प्रकृतीच्या कारणासाठी मिळणारे परवाने आणि बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना मिळणारे तात्पुरते परवाने एवढ्याच त्याच्या पळवाटा. डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत तेथील कर्मचारी व अधिकृत पाहुण्यांसाठी ठरावीक जागी मद्यपानाची सवलत देण्यात आली. त्याच महिन्यात पंतप्रधानांच्या हस्ते सुरत डायमंड बोर्स या भव्य हिरे संकुलाचे उद्घाटन झाले. तेथे मात्र ती सवलत पोहोचली नाही.

गोव्यातील वाचकाला हे सारे दूरचे वाटेल. परंतु ब्रिटनशी झालेल्या व्यापार कराराने सुरत, नाशिक आणि गोवा या तीन ठिकाणांना एका प्रश्नाशी आणून बांधले आहे. पेयाचे मोल कोण ठरवतो, कशाच्या आधारे ठरवतो आणि ते ठरवण्याची विद्या आपल्याकडे आहे का, हा तो प्रश्न.

यादीत काय आहे, काय नाही

२४ जुलै २०२५ रोजी लंडन येथे भारत व ब्रिटन यांच्यात सर्वंकष आर्थिक व व्यापार करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. त्यानुसार ब्रिटिश व्हिस्की आणि जिनवरील १५० टक्के आयात शुल्क प्रथम ७५ टक्क्यांवर आणि दहाव्या वर्षी ४० टक्क्यांवर येणार आहे. स्कॉचचा गाजावाजा झाला, तो यामुळे. वाईनला मात्र या करारात सवलत नाही. द्राक्ष बागायतदार आणि देशी वाईन उद्योग यांच्या हिताची काळजी, तसेच ब्रिटनला दिलेली सवलत पुढे युरोपही मागेल ही धास्ती, अशी दोन्ही कारणे त्यामागे सांगितली गेली.

पुढे घडले ते असे, की ऑस्ट्रेलियाच्या वाईनवरील शुल्क डिसेंबर २०२२ पासून अमलात आलेल्या करारान्वये किमतीच्या ठरावीक मर्यादेवर उतरू लागले होतेच. जानेवारी २०२६ मध्ये युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली, तेव्हा वाईनवरील शुल्क टप्प्याटप्प्याने मोठ्या प्रमाणात उतरवण्याचे भारताने मान्य केले. तो करार अमलात आल्यावर फ्रान्सची शॅम्पेन, इटलीची प्रोसेको आणि स्पेनची कावा भारतात तुलनेने स्वस्त होतील. इंग्लंडची फेसाळ वाईन मात्र १५० टक्क्यांच्या भिंतीआडच राहील. हजार रुपयांना बंदरात उतरलेली बाटली शुल्क भरल्यावर अडीच हजारांची होते. राज्याचा अबकारी कर आणि विक्रेत्याचा नफा त्यानंतर चढतो. याचा अर्थ असा, की गेल्या तीन दशकांत ज्या इंग्रजी वाईनने जगभरातील जाणकारांना चकित केले, ती भारतीय ग्राहकासमोर यायची फारशी शक्यता नाही. या गोष्टीचे दुःख करण्याचे कारण नाही. ही वाईन नावारूपाला कशी आली, हे समजून घेण्याचे कारण मात्र नक्की आहे, कारण याच कराराच्या निमित्ताने गोव्याची फेणी आणि नाशिकची वाईन ब्रिटनच्या दुकानांत स्कॉचच्या शेजारी मांडली जाईल, असे केंद्र सरकारच्या वतीने सांगण्यात आले आहे.

सुरतेचा इंग्रज आणि गोव्याचे मद्य

आज कोरड्या असलेल्या सुरतेतच भारतातील इंग्रजांच्या पानगोष्टींचा आरंभ झाला, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल. १६१३ मध्ये जहांगीर बादशहाच्या फर्मानाने इंग्रजांना तेथे वखार उघडता आली. डिसेंबर १६१७ मध्ये पायी जग पाहायला निघालेला टॉम कोरियट हा इंग्रज प्रवासी सुरतेला पोहोचला. तो आजारी होता. देशबांधवांनी आपुलकीने पाजलेली स्पॅनिश वाईन त्याला भोवली आणि तो तेथेच मरण पावला, असे त्याच्या परिचयातील पाद्री एडवर्ड टेरी याने नोंदवले आहे. १६३८ मध्ये सुरतेला आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो याने वखारीतल्या शुक्रवारच्या बैठकीचे वर्णन केले आहे. प्रार्थना आटोपली की वखारवाले एकत्र जमत आणि मायदेशी राहिलेल्या बायकांच्या नावाने पेले उचलत. कोणी वाईन घेई, तर कोणी मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांचे मिश्रण.

हे मिश्रण म्हणजे पंच. जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने १६७० च्या दशकात सुरतेपासून गोव्यापर्यंतचा किनारा पाहिला. पंच हे नाव पाच या संख्येवरून, म्हणजे त्यातील पाच घटकांवरून पडले, असे त्याने लिहिले. आणि त्यासाठी लागणारे उत्तम मद्य गोव्यातील नेरूल येथे तयार होते, अशीही नोंद केली. १६८९ मध्ये सुरतेत असलेल्या ओव्हिंग्टन या पाद्र्याने तर गोव्याचे आणि बंगालचे मद्य यांची तुलनाच केली: बंगालचे अधिक जहाल, गोव्याचे सौम्य, आणि पंचासाठी दोन्ही वापरात. हे मद्य माडाचे होते; काजूच्या फेणीची ख्याती पुढची. तरीही गोव्याच्या मद्याची चव घेऊन, दुसऱ्याशी ताडून, त्याच्याबद्दल लिहिलेल्या सर्वात जुन्या मजकुरांत सुरतेच्या या इंग्रजांच्या नोंदी मोडतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी गोव्याच्या मद्याला गावाचे नाव होते आणि गुणाची ओळख होती. आज बाजारातील किती बाटल्यांवर ती आहे?

फेस कोणाचा?

फेसाळ वाईन म्हटले की शॅम्पेन आठवते आणि तिच्या मागोमाग दॉं पेरिन्यों या फ्रेंच संन्याशाचे नाव. परंतु तो ओविलेर्सच्या मठात १६६८ साली आला. त्यापूर्वी सहा वर्षे, १७ डिसेंबर १६६२ रोजी, ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रज विद्वानाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला होता. वाईन चुरचुरीत आणि फेसाळ व्हावी म्हणून लंडनचे व्यापारी तिच्यात साखर व काकवी घालतात, असे त्यात स्पष्ट नमूद होते. शिवाजी महाराजांची सुरतेवरील पहिली स्वारी जानेवारी १६६४ मधली. म्हणजे वखारीच्या दारात ऑक्झेंडन तोफा मांडून बसला, त्याच्या वर्षभर आधीच त्याच्या देशात फेसाळ वाईनचे गुपित कागदावर आले होते.

हे इंग्लंडमध्येच का घडले, याचे उत्तर काचेत आहे. जहाजांसाठी लाकूड वाचावे म्हणून १६१५ मध्ये राजा पहिल्या जेम्सने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळण्यास बंदी केली. भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या, आच वाढली आणि काच मजबूत झाली. बाटलीत दुसऱ्यांदा आंबणारी वाईन मोटारीच्या चाकातील हवेच्या दुपटीहून अधिक दाब निर्माण करते. तत्कालीन फ्रेंच बाटल्या त्या दाबाने फुटत. इंग्रजी बाटली टिकली. एका बंदीतून एक कौशल्य जन्माला आले, ही गोष्ट बंदीच्या राज्यातील धोरणकर्त्यांनीही ध्यानात घेण्यासारखी आहे.

काच होती, कृती होती. इंग्लंडकडे द्राक्षे नव्हती. ती आली विसाव्या शतकाच्या अखेरीस. १९८८ मध्ये ससेक्स परगण्यातील नायटिंबर येथे शिकागोहून आलेल्या एका दांपत्याने शार्दने, पिनो न्वार आणि पिनो म्युनिए या शॅम्पेनच्याच तीन जाती लावल्या. या हवेत द्राक्षांऐवजी सफरचंदे लावा, असा सल्ला त्या काळी जाणकार देत. दक्षिण इंग्लंडची खडूमिश्रित जमीन भूगर्भशास्त्रीय दृष्ट्या शॅम्पेनच्या जमिनीची भावंड आहे, आणि तापत चाललेल्या हवामानाने उरलेली अडचण दूर केली. १९९२ च्या पहिल्या हंगामाची वाईन बाजारात आली आणि थोड्याच वर्षांत नाव झाकून घेतलेल्या चाचण्यांत इंग्रजी बाटल्या शॅम्पेनला मागे टाकू लागल्या. २०१५ मध्ये तेतांजे या शॅम्पेनच्या नामांकित घराण्याने केंटमध्ये जमीन घेतली, तेव्हा वादच मिटला. आज इंग्लंड-वेल्समधील द्राक्षमळे चार हजार हेक्टरांच्या पुढे गेले आहेत आणि २०२२ पासून ससेक्स या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. त्या नावाने विकायची वाईन ठरल्या नियमांनी बनलेली असावी लागते आणि चवीच्या परीक्षेत उतरावी लागते.

यातील कळीचा शब्द आहे परीक्षा. इंग्रजी वाईनचे नाव जाहिरातीने झाले नाही. ते झाले बाटलीवरचे नाव झाकून पेल्यातील ऐवज तपासणाऱ्या लोकांमुळे.

चाखण्याची रीत

ही तपासणी कशी होते? बाटली आठ ते दहा अंशांवर गार केलेली असते. त्याहून थंड असेल तर गंध गोठतो. पेला उभट, मध्ये किंचित फुगीर आणि तोंडाशी निमुळता. प्रथम डोळे: बुडबुडे बारीक आहेत का, तळापासून सलग माळ धरून वर येतात का. मग नाक. इंग्रजी फेसाळ वाईनमध्ये हिरव्या सफरचंदाचा आणि लिंबाच्या सालीचा गंध आढळतो. त्याच्या मागून नुकत्याच भाजलेल्या पावाचा. हा दुसरा गंध यीस्टचा. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवणी झाल्यावर यीस्टचा गाळ महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे वाईनसोबत ठेवतात. मग बाटली हळूहळू उलटी करत तो मानेशी आणतात, तेथे गोठवून काढून टाकतात आणि थोडी साखर घालून बूच बसवतात. पहाटे पोदेराच्या भट्टीजवळून गेलेल्या गोमंतकीयाला हा गंध वेगळा शिकवावा लागणार नाही. कधीकाळी सुरेने आंबवलेल्या पिठाचा पाव खाल्लेल्या पिढीला तर मुळीच नाही.

शेवटी जीभ. आंबटपणा धारदार आहे, पण बोचरा नाही ना? साखर किती? लिटरमागे बारा ग्रॅमच्या आत असेल तर ती वाईन ब्रूट म्हणवते. घोट संपल्यावर चव किती वेळ रेंगाळते? इंग्रजी वाईनची ओळख तिच्या खणखणीत आंबटपणात आहे. थंड हवेत सावकाश पिकलेल्या द्राक्षांची ती देणगी. आणि एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: व्यावसायिक परीक्षक घोट गिळत नाहीत, थुंकून टाकतात. दिवसाला शंभर पेले तपासणाऱ्याला शुद्धीवर राहणे भाग असते. चाखणे आणि पिणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. हिऱ्याचा पारखी तरी तपासलेला प्रत्येक हिरा अंगावर कुठे घालतो?

नाशिकचा धडा

मराठी मुलखाला हा विषय नवा नाही. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे शॅम्पेनच्या पद्धतीने फेसाळ वाईन बनवण्याचा उद्योग उभारला. त्याला पिपर-हाइडसिक या फ्रेंच घराण्याचे तांत्रिक साहाय्य होते आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती वाईन ब्रिटनमध्येही विकली गेली. नायटिंबरची फेसाळ वाईन बाजारात येण्यापूर्वीच महाराष्ट्राची वाईन इंग्लंडच्या दुकानांत होती, हे आज अनेकांना खरे वाटणार नाही. पुढे विस्ताराच्या कर्जात तो उद्योग बुडाला. त्यानंतर नाशिकने धुरा घेतली. महाराष्ट्र सरकारचे २००१ चे द्राक्ष प्रक्रिया धोरण, राजीव सामंत यांची सुला, दिंडोरीत आलेली फ्रेंच शांदों अशा टप्प्यांनी तेथे एक उद्योग स्थिरावला. नाशिकच्या वाईनला भौगोलिक मानांकनही आहे.

नाशिकचे खरे यश मात्र मळ्यांच्या दारात उभ्या राहिलेल्या चाखण्याच्या खोल्यांत आहे. तेथे येणाऱ्याला कोणीतरी पेला धरायला शिकवतो, गंध ओळखायला लावतो, शेजारच्या दोन वाईनांतील फरक विचारतो. शिकलेला ग्राहक पुढच्या खेपेस स्वस्त आणि वाईट बाटली घेत नाही. सापुताऱ्याचा घाट चढून येणाऱ्या सुरतकरांचीही या मळ्यांवर वर्दळ असते. इतरांना दमण जवळ आहे. बंदीने त्यांची तहान थांबवली नाही, फक्त त्यांना गाडीत बसवले.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांचे काय, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. सुरतेच्या उधना, लिंबायत भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे यंत्रमागांवर आणि कारखान्यांत राबतात. पाहुण्याचा परवाना किंवा नाशिकची सहल हे अशा घरांच्या आवाक्यातले पर्याय नव्हेत. जुलै २००९ मध्ये अहमदाबादेत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. जुलै २०२२ मध्ये बोटाद परिसरात चाळीसहून अधिक. मरणारे जवळजवळ सारे गरीब होते. दारूबंदीमागे गांधीजींचा विचार आहे आणि दारूने घर उद्ध्वस्त झालेल्या बायकांचा आक्रोश आहे. त्याची थट्टा करण्याचा अधिकार मद्य मुबलक असलेल्या गोव्याला तर नाहीच. परंतु जे उघड्यावर चाखता येत नाही ते उघड्यावर तपासताही येत नाही, आणि न तपासलेल्या मालाची पहिली किंमत सर्वात दुबळा ग्राहक मोजतो, एवढे तरी या घटनांतून मान्य करावे लागेल.

फेणीपुढची परीक्षा

गोव्यात बंदी नाही. मग पारख आहे का? काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; देशातील मद्यांत ते पहिले. २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला, २०२१ मध्ये फेणी धोरण आणले. कागद पुरेसे झाले. तरीही साखर किंवा बाहेरचा मद्यार्क मिसळलेली फेणी खऱ्या फेणीच्या शेजारी विकली जाते, ही तक्रार जुनीच आहे, आणि पर्यटक दोहोंत फरक करू शकत नाही. बोंडू गोळा करून, तुडवून, निरो गाळून, आंबवून, प्रथम हुर्राक आणि मग फेणी काढणाऱ्या डोंगरपट्ट्यातील भट्टीवाल्याला त्याच्या श्रमाचा दर मिळत नाही, तो या अज्ञानामुळे.

विशेष म्हणजे पारखण्याची विद्या गोव्याकडे होती. फेणी या नावाचे नाते ‘फेन’ म्हणजे फेस या शब्दाशी जोडले जाते. जुना जाणता बाटली हलवून वर येणारे मोती पाहतो. ते किती दाट आहेत, किती वेळ टिकतात, यावरून तो ग्रावांचा अंदाज बांधतो. तळहातावर दोन थेंब चोळून वास घेतो. बोंडवाचा गंध मागे राहिला तर माल खरा. ससेक्सचा परीक्षक पेल्यातील बुडबुड्यांची माळ पाहतो, पेडण्याचा किंवा सत्तरीचा जाणता बाटलीतील मोती पाहतो. निरीक्षण एकाच जातीचे आहे. फरक इतकाच, की एकाची विद्या लिहून ठेवली गेली, तिची परीक्षा ठरली आणि तिला कायद्याचे बळ मिळाले. दुसऱ्याची विद्या त्याच्याबरोबर संपत चालली आहे.

ब्रिटनच्या दुकानात फेणी मांडण्याची भाषा होत असताना म्हणूनच काही कामे घरी आधी व्हायला हवीत. मानांकनाचे नाव वापरणाऱ्या प्रत्येक बाटलीची प्रयोगशाळेतील तपासणी आणि तिच्या जोडीला नाव झाकून चवपरीक्षा सक्तीची व्हावी. परीक्षकांच्या मंडळात जुन्या भट्टीवाल्यांना स्थान असावे आणि त्यांच्या शब्दांची, कसोट्यांची नोंद घेतली जावी. बाटलीवर गाव आणि हंगाम छापला जावा. भट्टीच्या दारात पाहुण्याला चाखायला आणि शिकायला मिळेल अशी सोय लहान उत्पादकांनाही परवडेल इतक्या सोप्या परवान्यात करावी. आणि चाखण्यातील संयमाचा संस्कारही त्याबरोबरच व्हावा. मद्यपी चालकांनी रक्ताळलेले रस्ते असलेल्या राज्याला तो टाळता येणार नाही.

शुल्क उतरल्यावर स्कॉच येईल, मागोमाग युरोपची वाईन येईल. त्यांच्या प्रत्येक बाटलीवर कोणाच्या तरी परीक्षेचा शिक्का असेल. व्यापार करार फार तर दार उघडतो; आत गेल्यावर मालाला स्वतःची ओळख पटवावी लागते. काजूचा हंगाम दरवर्षी फेब्रुवारीत सुरू होतो आणि पावसाच्या तोंडाशी संपतो. पुढच्या हंगामातील पहिल्या फेणीची पारख कोण करणार, हे ठरवायला सरकारला आणि उत्पादकांना तेवढाच अवधी आहे.